सरकारी दवाखान्याचा तुमचा अनुभव लिहा : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भाग

नमस्कार मंडळी,

बजेट आलं की पेपरात आरोग्याला एवढे कोटी तेवढे कोटी, इथं नवीन बिल्डिंग तिथं नवीन मशीन असं येतं. वाचून बरं वाटतंय, खरं तो पैसा आपल्या गावात कुठल्या रूपात पोचतो ते पेशंट घेऊन धावलेल्या माणसालाच माहीत. म्हणून हा धागा काढतोय.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहून ठेवलंय की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ चा आकडा होता १.८४ टक्के, आणि ते तर कोविडमुळे हात सैल सोडलेलं वर्ष. दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातले ६४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, ते २०२१-२२ ला ३९ वर आलं. म्हणजे सरकारने पैसा घातला की फरक पडतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आमच्या भागात पैसा भिंतींवर जातोय आणि माणसं नेमायची वेळ आली की हात आखडतोय. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरून माझं रोजचं जाणं येणं, इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस तयार होत होती, बेळगावातून लस बाहेर जायची. आजच्या पोरांना ते फिरायचं ग्राउंड म्हणून माहीत. एवढी जुनी सार्वजनिक आरोग्याची परंपरा असलेला जिल्हा, २०११ च्या जनगणनेला जवळजवळ ४८ लाख लोकसंख्या, बेंगळूर सोडलं तर राज्यात सगळ्यात मोठा, आणि रात्री दोनला ऑपरेशन पाहिजे तर तालुक्याचा माणूस अजून गाडी करून बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठतोय.

चांगलं वाईट दोन्ही लिहा. डॉक्टर सिस्टरांची नावं नकोत, तक्रार असेल तर दवाखान्याचं नावही नको. सीमाप्रश्नाचा वाद इथं आणू नका, त्याला दुसऱ्या जागा आहेत.

जांबोटीकर

आमच्याकडं जंगल, त्यामुळं सापाचंच लिहितो. चुलत्यांना भात कापताना घोणस चावली. गावात रेंज नाही, टेकडीवर चढून फोन लावला तर १०८ ला यायला वेळ लागणार असं कळलं, मग शेजाऱ्याच्या जीपमधनं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं जे बघितलं ते विसरणार नाही. सिस्टरनी दंडातनं थोडं रक्त काढून काचेच्या साध्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली, कोणी हात लावू नका म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसल्या. २० मिनिटं. काका विव्हळतायत, काकी देवाचं नाव घेतेय, आणि आम्ही सगळे त्या नळीकडं बघत. वीस मिनिटांनी डॉक्टरनी नळी आडवी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात गेलंय. लगेच सापाच्या विषावरचं सीरम चालू केलं, दहा व्हायल सलाईनमधनं, आणि रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनलिनचं इंजेक्शन बाजूला भरून ठेवलेलं. एक पैसा घेतला नाही. काका आज पण शेतात जातात.

त्या डॉक्टर बाई एमबीबीएस होऊन सरकारच्या एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेवर आलेल्या, कर्नाटकात २०१२ चा तसा कायदा आहे. त्यांचं वर्ष संपलं, त्या गेल्या, मग ती खुर्ची किती दिवस रिकामी. २०२४ च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं सर्पदंश नोंदवणं सगळ्या दवाखान्यांना बंधनकारक केलं, हे लई चांगलं झालं, नोंद झाली तर कुठं किती सीरम लागतंय ते कळेल तरी. खरं सीरम फ्रीजमध्ये असून चालत नाही, नळी आडवी करून बघणारं माणूस तिथं रात्री पाहिजे. आणि भीमगडच्या जंगलातल्या आमगावसारख्या गावात पावसाळ्यात पेशंटला खांद्यावरनं आणतात, त्यांच्या २० मिनिटांचा हिशेब कुठनं धरायचा?

निपाणीची लेक

आई तंबाखूच्या वखारीत काम करायची. खोकला म्हटलं की तंबाखूचा असंल म्हणून सगळी गप बसायची, आमच्यात प्रत्येक घरात एक खोकणारं माणूस असतंय. आशाताई घरी आलत्या त्यांनी बेडका तपासायला डबी दिली, रिपोर्ट आला टीबी. गोळ्या फुकट, सहा महिन्यांचा कोर्स, आणि खात्यावर महिन्याला पाचशे रुपये खाण्यासाठी यायचे (२०२४ च्या नोव्हेंबरपासनं ते हजार झालेत). पैसे थांबून थांबून आले खरं आले. आई अंडी कधी खात नव्हती, त्या पैशातनं खायला लागली.

वाईट म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला गोळ्यांचा तुटवडा पडला, हे एका दवाखान्याचं नव्हतं, देशभर होता. टीबीच्या गोळ्या मधी थांबल्या तर रोग हट्टी होतोय असं स्वतः भिंतीवर लिहून ठेवायचं आणि गोळ्या संपल्यात म्हणून परत पाठवायचं, म्हणजे माणसानं करायचं काय? आशाताईंनी कुठनं कुठनं स्ट्रिपा गोळा करून आणल्या. दुसऱ्या पेशंटच्या उरलेल्या, शेजारच्या केंद्रातल्या. आईचा कोर्स पुरा झाला तो त्यांच्यामुळं.

(आमच्याकडनं बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळं मोठं काही झालं की सीपीआरच, म्हणजे तिथलं सरकारी हॉस्पिटल. तिथली गर्दी बघितली की आपण दुसऱ्याच्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटतंय.)

शहापूर गल्ली

@निपाणीची लेक, अक्का, तुमच्या आशाताईंना नमस्कार सांगा. तुटवड्याचं अगदी खरं आहे, आमच्या शेजारी पण तेच झालं.

माहेरवाशीण

बहिणीचं बाळंतपण. तालुका मुद्दाम लिहीत नाही. नऊ महिने सगळं व्यवस्थित, तायी कार्डावर (गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) प्रत्येक तपासणीची नोंद, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी. दवाखाना नवा, फरशी चकचकीत, ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली आहे, वर दिवे आहेत, टेबल आहे. रात्री कळा आल्या, बाळ अडलं, सिझर करायला पाहिजे म्हणाले. गायनॅकच्या डॉक्टर होत्या. भूल देणारे नव्हते. ते आठवड्यातले काही दिवस दुसऱ्या तालुक्याला आणि काही दिवस इकडं असं आम्हाला तेव्हा कळलं. रात्री साडेबाराला १०८ मध्ये घालून बेळगावला. ताई वाटेत माझा हात असा दाबून धरलेली की बांगडी फुटून मनगटात घुसली. सिव्हिलला सिझर झालं, दोघं सुखरूप. घरी सोडताना नगुमगु गाडीनं दारापर्यंत आणून सोडलं, त्याचे पैसे नाहीत, आम्ही दिलेले शंभर रुपये पण ड्रायव्हर मामांनी घेतले नाहीत.

मला एवढंच विचारायचं आहे. ज्यांनी त्या ओटीवर खर्च मंजूर केला त्यांना भूलतज्ज्ञाशिवाय तिथं सिझर होणार नाही हे माहीत नव्हतं काय?

चिकोडी रोड

मी बस कंडक्टर म्हणून रिटायर झालो, दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. आठवड्यातनं तीनदा, एका वेळेला चार तास. आधी बेळगावला जायचो, पहाटे निघायचं रात्री परत, अंगात त्राण राहत नव्हतं. आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीन आहे, फुकट होतं. माझ्या मते गेल्या पंधरा वीस वर्षांत सरकारनं आमच्यासारख्यांसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हे. खाजगीत महिन्याचा खर्च माझ्या पेन्शनीतनं कधीच भागला नसता.

आता अडचण सांगतो. मशीन बिघडलं की सांगणारा टेक्निशियन कंत्राटी, दुरुस्तीची कंपनी लांबची, आणि पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट बंद पडला की चांगली मशीनं असून सगळी शिफ्ट बंद. डायलिसिस चुकलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतंय, ते कोणाची वाट बघत बसत नाही. मशीन घेताना देखभालीचे पैसे पण धरले पाहिजेत, बस घेऊन टायरला पैसे ठेवले नाहीत तर डेपोत काय होतं ते मी बघितलंय.

अजून एक. जून २०२३ पासनं शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली. ही आरोग्याच्या बजेटात मोजत नसतील, खरं माझी मंडळी प्रत्येक वेळी माझ्याबरोबर येते ती त्याच्यामुळं. आधी दोघांचं तिकीट परवडत नाही म्हणून मी एकटा यायचो आणि परत येताना चक्कर आली तर धरायला कोण नसायचं.

कृष्णाकाठ

कागवाडहून. आम्हाला मिरज घरच्यासारखं, आजोबांच्या काळापासनं मिशन हॉस्पिटल म्हणजे मिरज. त्यामुळं अपघात झाला की गाडी आपोआप तिकडं वळते, खरं आमच्या कर्नाटकाच्या आरोग्य कार्डाचं काय ते प्रत्येक वेळी तिथल्या काउंटरवर उभं राहून विचारावं लागतंय. कार्डावर बीपीएलला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार, एपीएलला ३० टक्के आणि तेही दीड लाखापर्यंतच, आणि मोठ्या उपचाराला खाजगीत जायचं तर आधी सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी. नियम समजतोय, सरकारी सोडून सगळे खाजगीत पळू नयेत म्हणून. इमर्जन्सीला सूट आहे. पण मोडलेलं हाड घेऊन माणूस आधी चिठ्ठीला फिरतोय हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खानापूरकर

@कृष्णाकाठ, कार्डाचंच पुढं. आम्ही पूर्वी गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायचो, सगळं फुकट. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्यांना पैसे लावले. गोव्याच्या सरकारला दोष देत नाही, त्यांच्या लोकांच्या पैशावर आमचा भार किती दिवस? मग २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली, त्यावरनं दोन्हीकडं राजकारण तापलं ते सगळ्यांना माहीत आहे. मी मराठी माणूस, महाराष्ट्रानं आठवण ठेवली याचं समाधान आहेच. खरं मनापासून लिहितो, दोन राज्यांनी दोन कार्डं देण्यापेक्षा आमच्या तालुक्याला चोवीस तास एक हाडांचा डॉक्टर आणि एक भूलतज्ज्ञ द्या. कार्ड ऑपरेशन करत नाही. आणि कार्डाचा पैसा शेवटी जातोय कुठं, तर मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्याच्या बिलात, तोच आमच्या दवाखान्यात घातला तर इथंच राहील की.

एक आशा

मी आशा कार्यकर्ती, लपवायचं काय त्यात. वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. उपकेंद्र सपाटीवर ५ हजार लोकांना एक आणि डोंगराळ भागात ३ हजारांना एक असा निकष आहे, कागदावर बरोबर बसतं, खरं डोंगरात ३ हजार लोक म्हणजे किती वाड्या आणि किती ओढे ते चालणाऱ्यालाच कळतं. जानेवारी २०२५ ला आम्ही बेंगळूरला फ्रीडम पार्कवर थंडीत बसलो तेव्हा महिना १० हजार देतो असं कबूल झालं. मोबाईलवर माहिती भरायची, बाळंतिणीबरोबर रात्री जायचं, टीबीच्या गोळ्या पोचवायच्या, आणि आम्हाला अजून कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात.

धागा काढलेल्या दादांना एक सांगते, बिल्डिंगला नावं ठेवू नका. आमच्या उपकेंद्राला संडास नव्हता तेव्हा नर्स बाई दुपारनंतर थांबतच नव्हत्या. संडास आणि पाणी झालं तेव्हा थांबायला लागल्या. माणूस टिकायला पण चार भिंती लागतात.

टिळकवाडी (धागाकर्ता)

@एक आशा, ताई, तुमचा मुद्दा मान्य. राहायला क्वार्टर आणि पाणी नसेल तर कुठली बाई डॉक्टर जंगलात वस्तीला राहणार. बांधकाम म्हणजे नुसता शोचा ब्लॉक एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लॅबवाला

कंत्राटावर टेक्निशियन आहे म्हणून जास्त लिहीत नाही. प्रत्येक सरकारी दवाखान्यात आरोग्य रक्षा समिती असते. किरकोळ दुरुस्ती, इन्व्हर्टरची बॅटरी, संपलेलं औषध बाहेरनं घेणं, असल्या गोष्टींना तिच्याकडं थोडा निधी असतो. लोक आमदाराकडं नवीन अँब्युलन्स मागतात, या समितीच्या बैठकीत कोण येत नाही. विचारा. पाच केव्हीएच्या बॅटऱ्या बदलल्या नाहीत म्हणून रात्री लाईट गेल्यावर मी टॉर्चवर स्लाईड बघितलीय.

चन्नम्मा सर्कल

मंडळी, नुसतं लिहून थांबू नका. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञ आठवड्यातले कुठले वार हजर, एवढं माहिती अधिकारात मागा. १० रुपये फी, बीपीएल असेल तर तेही नाही, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतंय. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत असा नियम आहे, लांबलचक लिहिलं की परत येतोय. त्यामुळं पदांचा अर्ज वेगळा आणि औषधसाठ्याचा वेगळा करा.

माहेरवाशीण

मी पदांचा घालते. कन्नडमध्ये लिहून कोण देईल?

चन्नम्मा सर्कल

मी देतो अक्का. तालुका आणि दवाखान्याचं नाव मेसेजमध्ये पाठवा, इथं नको. खानापूर आणि चिकोडीवाल्यांनी पण पाठवा, एकदमच टाईप करतो.