कलमांच्या नोंदी : कार्डांचे सॉफ्टवेअर घ्यावे की डेटाबेस?

प्रश्न : बागायतदार, देवगड

देवगड तालुक्यात आमची हापूसची वडिलोपार्जित बाग आहे. प्रत्येक कलमाला क्रमांक असून वडिलांनी एका जाड वहीत दर कलमासाठी स्वतंत्र पान राखले होते. मोहोर कधी फुटला, कोणत्या वर्षी कलम रिकामे गेले, खोडकिडा कुठे लागला, कोणत्या कलमाच्या फळांत साका (गरातला स्पंजासारखा दोष) अधिक निघतो, हे सारे त्या पानांवर त्यांच्या शब्दांत लिहिलेले आहे. ही वही आता संगणकावर न्यायची आहे. मला कार्डांच्या पद्धतीचे सॉफ्टवेअर जवळचे वाटते, कारण एका कलमाचे एक कार्ड, त्यावर मजकूर व छायाचित्र आणि शेजारच्या कलमाकडे नेणारा दुवा, अशी रचना त्यात सहज होते. पुतण्याचा आग्रह मात्र डेटाबेसचा आहे. रकान्यांत बसवण्यासाठी वडिलांचा मोकळा मजकूर तोडावा लागेल, अशी मला धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : संगणक शिक्षक, रत्नागिरी

आपण म्हणता ती रचना अ‍ॅपलच्या हायपरकार्डने १९८७ मध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोचवली. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी घडवलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डांचा स्टॅक, म्हणजे गठ्ठा, असे, कार्डावर रकाने आणि बटणे ठेवता येत, आणि लिहिलेले आपोआप जतन होई. त्याची विक्री २००४ मध्ये थांबली आणि आजच्या मॅकवर ते थेट चालत नाही. जुना स्टॅक उघडायचा तर जुने यंत्र किंवा त्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर (एम्युलेटर) शोधावे लागते. म्हणून कार्डेच हवी असतील, तर टिडलीविकीचा विचार करावा. त्याची सारी वही एका एचटीएमएल फाइलमध्ये राहते, ती ब्राउझरमध्ये उघडते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे नेटवर्क किती टिकते, हे ध्यानात घेता ही गोष्ट लहान नाही.

प्रतिसाद : बागायतदार, राजापूर

माझे मत पुतण्याच्या बाजूचे आहे. एक कलम, एक कार्ड ही रचना कलमाच्या आयुष्याला साजेशी आहे, परंतु बागेत घडणाऱ्या बहुतेक गोष्टी एका कलमापुरत्या नसतात. तुडतुड्यांसाठी फवारणी होते, ती एका दिवशी कितीतरी कलमांवर होते. ती कार्डांत लिहायची तर तोच मजकूर प्रत्येक कार्डावर उतरवावा लागतो. पुढे औषधाचे प्रमाण चुकीचे लिहिल्याचे कळले, तर प्रत्येक कार्ड उघडून दुरुस्त करावे लागते, आणि त्यातले एखादे राहून गेले की कोणत्या कार्डावर विश्वास ठेवावा हे सांगता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, तक्ते एकमेकांशी जोडणाऱ्या रिलेशनल पद्धतीत याच अडचणीवर उपाय आहे : एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि बाकी सर्वत्र तिचा केवळ क्रमांक वापरायचा. कलमांचा एक तक्ता, फवारण्यांचा दुसरा, कोणत्या फवारणीत कोणती कलमे होती याचा तिसरा आणि तोडणीचा चौथा, एवढे असले की ‘अमुक औषध मारलेली, पण अजून न तोडलेली कलमे कोणती’ याचे उत्तर एका प्रश्नात मिळते. निर्यातीसाठी मँगोनेट या आंबा बागांच्या नोंदणी-प्रणालीवर बागेची नोंदणी करणाऱ्याला शेवटची फवारणी आणि तोडणी यांतील अंतर दाखवता आलेच पाहिजे. हे काम कार्डे चाळून करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

प्रतिसाद : संगणक शिक्षक, रत्नागिरी

एक पुस्ती जोडतो. टिडलीविकीत फवारणीचे वेगळे कार्ड करून, खुणा देऊन गाळणी लावता येते. मात्र सर्व खुणा एकाच तऱ्हेने लिहिण्याची शिस्त आपल्यालाच पाळावी लागते. अस्तित्वात नसलेल्या कलमाचा क्रमांक लिहिला तरी सॉफ्टवेअर अडवत नाही. नीट बांधलेला डेटाबेस अडवतो.

प्रतिसाद : ग्रंथपाल, वेंगुर्ले

ग्रंथालयात कार्डांची तालिका होती, तेव्हा एकाच पुस्तकासाठी लेखकाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे अशी निरनिराळी कार्डे लिहावी लागत. राजापूरच्या बागायतदारांनी सांगितलेली अडचण त्यामुळे मला चांगली परिचयाची आहे.

आपली धास्ती मात्र दूर व्हावी. डेटाबेसच्या रकान्यात पानेच्या पाने मजकूर राहू शकतो, आणि लिब्रेऑफिस बेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म केला की पडद्यावर एका वेळी एकच कलम दिसते : वर क्रमांक आणि जागा, मध्ये वडिलांचा मजकूर, खाली त्या कलमाच्या फवारण्या. दिसायला ते कार्डच असते. एसक्यूलाइट या डेटाबेस-प्रणालीत संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, त्यामुळे त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवणेही सोपे आहे. वहीची पाने मात्र आधी स्कॅन करावीत आणि प्रत्येक प्रतिमेला कलमाचाच क्रमांक द्यावा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. फॉर्मची कल्पना पटली. एक अडचण उरते. वडिलांनी तारखा क्वचितच लिहिल्या आहेत. ‘कुणकेश्वरच्या जत्रेआधी मोहोर’, ‘होळीनंतर फळगळ’ असे लिहिले आहे. तारखेच्या रकान्यात हे कसे भरावे?

प्रतिसाद : ग्रंथपाल, वेंगुर्ले

दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वडिलांचे शब्द जसेच्या तसे एका रकान्यात लिहावेत. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला भरते, म्हणून त्या वर्षीच्या पंचांगावरून जत्रेचा दिवस काढता येईल. परंतु ‘जत्रेआधी’ म्हणजे किती आधी, हे पंचांग सांगणार नाही. तेव्हा ‘या दिवसानंतर नाही’ अशी एकच मर्यादा दुसऱ्या रकान्यात लिहावी आणि ती अंदाजाने काढल्याची खूण तिसऱ्यात करावी. जिथे वर्षच कळत नाही, तिथे तारखेचा रकाना रिकामा सोडावा. उत्पन्नाच्या रकान्यातही हाच नियम ठेवावा : कलम रिकामे गेल्याचे वडिलांनी लिहिले असेल तर शून्य, आणि काहीच लिहिले नसेल तर रिकामी जागा. हापूस एक वर्षाआड फळ धरतो. न लिहिलेल्या वर्षांना शून्य मानले, तर कोणते कलम खरोखर वर्षाआड धरते, हे पुढे कुणालाच शोधता येणार नाही.