आधी गोळी बंद केल्याची तारीख बघा

ताई, झोपेची गोळी एकदम थांबवल्यावर आठवडाभरात बहीण घाबरीघुबरी झाली आणि 'मूळचाच मानसिक आजार उफाळला' असं तुम्हाला सांगितलं गेलं. असेलही, पण गोळी एकदम सोडल्यानेही असाच त्रास होऊ शकतो, म्हणून आधी तारखा जुळवून बघा. गोळी अल्प्राझोलाम असेल तर तिचा असर लवकर उतरतो, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतो. डायझेपाम शरीरात रेंगाळतं. तिथे आठवडाही जातो आणि तोवर गोळीची आठवण कुणालाच राहत नाही. घात होतो तो इथेच.

भीती आणि निद्रानाश मानसिक आजारातही असतात आणि गोळी सोडल्यावरही. पण भांड्याचा साधा आवाज कानात घुसणं, उजेड सहन न होणं, तोंडात धातूची चव, स्नायू उडणं हे आधी कधीच नव्हतं ना? मग डॉक्टरांना ते तारखेसकट लिहून द्या. भास झाले की मनोविकाराचा शिक्का पटकन बसतो, आणि त्यावरची काही औषधं फिट येण्याचा धोका वाढवतात!

गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घरच्या घरी मात्रा ठरवू नका. फिट आली, भास झाले किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर थेट रुग्णालय गाठा.