टू-इन-वन लॅपटॉप मधूनच हँग होतो, फॉरमॅट मारू का?

अकोल्याची_मास्तरीण

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझ्याकडे कीबोर्ड सुटा होणारा टू-इन-वन आहे, म्हणजे स्क्रीन काढली की टॅब्लेट आणि लावली की लॅपटॉप. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११, वॉरंटी कधीच संपली. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, पेनने स्क्रीनवर गणितं सोडवते आणि तेच रेकॉर्ड करून त्यांना पाठवते, त्यामुळे माझं सगळं काम ह्याच मशीनवर आहे.

महिनाभर झाला असेल, हे मधूनच अडकतं. नियम काहीच नाही. कधी दिवसभर व्यवस्थित चालेल, कधी सकाळी चालू केल्या केल्या ठप्प. निळी स्क्रीन येत नाही, एरर येत नाही, शेवटी पॉवर बटण दाबून धरून बंद करावं लागतं. दुकानात नेलं तर तिथे छान चाललं! ते म्हणाले व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो, नाहीतर मग मदरबोर्ड. अँटीव्हायरसने स्कॅन केलं तर काही निघालं नाही, विंडोजचे अपडेटही सगळे घेतलेत. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, मुलं व्हिडिओची वाट बघत असतात. मारू का फॉरमॅट?

तंत्रवेडा_पुणे

ताई, फॉरमॅट आत्ता अजिबात नको, का ते सांगतो. आधी हे कळायला हवं की हँग झाल्यावर नक्की काय मरतं आणि काय जिवंत राहतं, कारण बाहेरून सगळं सारखंच दिसतं पण आतली कारणं पार वेगळी असतात.

पुढच्या वेळी अडकलं की लगेच पॉवर बटण दाबू नका. कॅप्स लॉक दाबा, त्याचा दिवा लागतोय-विझतोय का बघा. कर्सर हलतो का बघा. बोटाने टच करून बघा, कारण सुट्या कीबोर्डच्या पिना मळल्या असतील तर नुसता कीबोर्डच गेलेला असतो आणि आपल्याला वाटतं सगळं मशीन गेलं. काही वाजत असेल तर आवाज पुढे चालू आहे का, की एकाच जागी टर्रर्र करत अडकलाय तेही ऐका. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ह्याने फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट होतो, बीप वाजतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. तेवढ्याने मशीन शुद्धीवर आलं तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला, मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर नवा टाकायचा.

दिवा बंद, कर्सर बंद, आवाज टर्रर्र, म्हणजे एका झटक्यात सगळंच मेलं तर रॅम, बोर्ड, उष्णता, पॉवर ह्या बाजूला बघायचं. पण कर्सर हलतोय, आणि क्लिक केलं की एकेक प्रोग्राम 'नॉट रिस्पॉन्डिंग' होत होत थोड्या वेळाने सगळंच थांबतं, असं असेल तर माझा पहिला संशय डिस्कवर, म्हणजे तुमच्या एसएसडीवर जाईल.

चालू झालं की इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिस्टिम. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेलच, त्याला घाबरू नका, तुम्ही बटण दाबून बंद केलंत एवढंच ते सांगतं, कारण सांगत नाही. त्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत काय आहे ते बघा. खास करून १२९, १५३, ७ हे आकडे, हे डिस्कचे. ४१०१ म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. व्हीआ-लॉगर नावाने काही असेल तर तेही लिहा, ते हार्डवेअरचं असतं.

फास्ट_अँड_क्लीन

एवढं कशाला करायचं, क्लीन इन्स्टॉल करा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका, दोन तासांत मोकळं. माझ्या ऑफिसातल्या मशीनचे असले प्रॉब्लेम बहुतेक वेळा त्यानेच गेलेत. ड्रायव्हरचा गोंधळ असेल तर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

तंत्रवेडा_पुणे

ऑफिसातल्या मशीनचा डेटा सर्व्हरवर असतो हो, ताईंची वर्षाची मेहनत ह्याच डिस्कवर आहे. ड्रायव्हरचा गोंधळ असेल तर क्लीन इन्स्टॉलने जाईल हे मान्य. पण डिस्कच आजारी असेल तर आहे ते पुसून तिच्यावर वीस-पंचवीस जीबी नव्याने लिहायला लावणं म्हणजे नेमकं नको ते नको त्या वेळी करणं, आणि इन्स्टॉल मधेच अडकलं तर मशीनही गेलं आणि फायलीही. आधी बॅकअप, मग निदान, फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

उन्हाळी_नागपूर

मी उष्णतेबद्दल सांगतो. असल्या बऱ्याच पातळ मशीनमध्ये पंखाच नसतो, सगळी गरमी पाठीच्या पत्र्यातून बाहेर पडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळिशी असते, वरून गादीवर ठेवून चार्जिंगला लावलं की झालंच. एचडब्ल्यूइन्फो नावाचं प्रोग्राम फुकट मिळतं, ते चालू ठेवून तापमान बघा. प्रोसेसर नव्वदच्या वर जाऊन स्वतःचा वेग कमी करत असेल तर ते स्लो होणं वेगळं आणि ठप्प होणं वेगळं. पण ताई, तुमचं तर सकाळी चालू केल्या केल्या अडकतं म्हणता, तेव्हा मशीन गार असतं, त्यामुळे नुसती उष्णता मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र आजच बघा. स्क्रीन सुटी करून काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवा आणि चारी कोपरे दाबा. डुगडुगते का? कडेची फट कुठे रुंदावली आहे का? ह्या प्रकारात बॅटरी स्क्रीनच्या मागेच असते आणि ती फुगली की आधी स्क्रीन उचलली जाते, टच वेडंवाकडं चालतं. फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, सरळ बदलून घ्या. त्यात आग लागण्याचा धोका असतो, तिथे हयगय नको.

अकोल्याची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. बॅटरीचं लगेच बघितलं, टेबलावर सपाट बसते, फट नाही. पाठ कोमट असते, चटका बसत नाही.

काल संध्याकाळी परत अडकलं तेव्हा तंत्रवेडा दादांनी सांगितलं तसं सगळं बघितलं. कर्सर हलत होता! ॲपमधल्या वहीचं जे पान उघडं होतं त्यावर पेनने लिहिताही येत होतं, पण पुढचं पान उघडायला गेले तर गोल गोल फिरत बसलं. मग स्टार्ट दाबलं तर ते उघडलं नाही, टास्क मॅनेजर उघडला नाही, कॅप्स लॉकचा दिवा मात्र लागत होता. चार बटणं दाबली तर बीप वाजला, स्क्रीन काळी होऊन आली, फरक काही नाही. थोड्या वेळाने कर्सरही थांबला.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कालच्या अडकण्याच्या वेळेला काहीच नाही, कोरं. नंतर फक्त ४१. पण मागे गेले तर इतर दिवशी १२९ बऱ्याच वेळा आहे, 'रीसेट टू डिव्हाइस, रेडपोर्ट झिरो' असं काहीतरी, सोर्स स्टोरएनव्हीएमई. ७ किंवा १५३ कुठे नाही. ४१०१ पण नाही.

तंत्रवेडा_पुणे

ताई, फार नीट बघितलंत, ह्यातून जवळपास सगळं कळतं. जे आधीच रॅममध्ये होतं ते चालत राहिलं, म्हणून उघड्या पानावर लिहिता आलं, आणि ज्याला डिस्कवरून काही आणायचं होतं ते अडकलं. स्टोरएनव्हीएमई म्हणजे विंडोजचा एसएसडीचा ड्रायव्हर, आणि १२९ चा अर्थ असा की विंडोजने डिस्कला काही विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून तिला रीसेट केलं. ज्या दिवशी रीसेटनंतर डिस्क परत आली त्या दिवशी मशीन थोडा वेळ अडखळून पुढे चाललं असणार आणि नोंद झाली. काल ती आलीच नाही. आणि नोंदही त्याच डिस्कवर लिहायची असते, मग लिहिणार कुठे? म्हणून कोरं दिसतंय. तो कोरेपणाच इथे पुरावा आहे.

आता सगळी कामं बाजूला ठेवून बॅकअप. पूर्ण डिस्कची कॉपी काढायच्या फंदात आधी पडू नका, सगळ्यात मोलाचं आधी, थोडं थोडं करून बाहेरच्या डिस्कवर घ्या: वह्या, मग मूळ रेकॉर्डिंग, मग बाकीचं. घेतलं की दुसऱ्या मशीनवर दोन-चार फायली उघडून बघा. आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवरून कागदावर उतरवून ठेवा. ह्या मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं, पुढे बायोसला (मशीन चालू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) हात लावला आणि रिकव्हरी की मागितली तर ती नसताना सगळं कुलूपबंद.

बॅकअप झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं प्रोग्राम टाका. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दिसतात, फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दहाच्या पायावर करून घ्या. अव्हेलेबल स्पेअर (उरलेली राखीव जागा), पर्सेंटेज यूज्ड (डिस्क किती झिजली), आणि मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स हे तीन सांगा. अनसेफ शटडाऊन जास्त दिसेल, ते बटण दाबून बंद केल्याचं आहे.

मग पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन पीसीआय एक्स्प्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बॅटरी आणि चार्जिंग दोन्हीसाठी ऑफ करा. ही वीज वाचवायची सोय आहे, डिस्कला जाणारी लाइन झोपवते, आणि काही डिस्क त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. काही मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, नाही दिसला तर सांगा. शिवाय मशीनच्या कंपनीच्या साइटवर बायोस किंवा एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) नवं आलंय का बघा, पण ते बॅकअपनंतरच, चार्जर लावून, आणि मधे हात न लावता.

लिनक्सवाला_मिरज

दादांचं निदान बरोबर वाटतंय, खात्री करायला एक सोपा मार्ग सांगतो. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम) घेऊन त्यावरून मशीन चालू करा, 'ट्राय' निवडायचं, इन्स्टॉल नाही. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू न होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करायची गरज सहसा नसते, उबुंटू तसंच चालतं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून दुपारभर सोडून द्या. आतली डिस्क न वापरता मशीन बिनबोभाट चाललं तर रॅम आणि बोर्ड बऱ्यापैकी सुटले. तिथेही सगळं ठप्प झालं तर मात्र डिस्कवर पैसे घालू नका, आधी रॅम तपासा.

अकोल्याची_मास्तरीण

बॅकअप झाला, मधे एकदा अडकलं पण वह्या सगळ्या आल्या. भाचीच्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या, उघडतात. रिकव्हरी कीही उतरवून ठेवली.

स्पेअर १००, यूज्ड ११, एरर ०. म्हणजे डिस्क चांगली आहे ना? उबुंटूवर दुपारभर काहीच झालं नाही. लिंक स्टेट ऑफ केल्यापासून मशीन ठप्प झालेलं नाही, पण आज १२९ ची एक नोंद परत दिसली.

तंत्रवेडा_पुणे

ताई, ते आकडे सांगतात की डिस्कच्या मेमरी चिप फारशा झिजलेल्या नाहीत. पण डिस्कचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) किंवा तिचं कनेक्शन दगा देत असेल तर ते त्या आकड्यांत दिसत नाही, त्यामुळे १०० बघून निर्धास्त राहू नका. लिंक स्टेटने फरक पडला ही चांगली खूण आहे, फर्मवेअर आलं असेल तर आता टाकून बघा. त्यानंतरही १२९ येत राहिलं तर डिस्क बदला. तुमच्या मॉडेलमध्ये डिस्क बोर्डला सोल्डर केलेली आहे की सुटी, हे मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचं. सुटी असेल तर बहुधा २२३० मापाची, म्हणजे ३० मिलिमीटर लांबीची छोटी असते, काही मॉडेलला मागच्या स्टँडखाली झाकणच असतं, एका स्क्रूचं काम. सोल्डर केलेली असेल तर बोर्डावरचं काम करणाऱ्याकडेच जा, गल्लीतल्या दुकानात स्क्रीन उचकटू देऊ नका, चिकटवलेली असते, तडकते.

परीक्षा होईपर्यंत रोज रात्री त्या दिवसाचं रेकॉर्डिंग बाहेर घेत राहा. मॉडेल नंबर इथे टाका, मॅन्युअल मी शोधून देतो.