'वेलफेअर चेक'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
इंग्लंडमधल्या मराठी ज्येष्ठांसाठी एक माहितीपत्रक अनुवादतोय. त्यात 'वेलफेअर चेक' चार वेळा आलाय. म्हणजे असं की माणूस फोन उचलत नाही, दार उघडत नाही, गेले काही दिवस जरा विचित्रच बोलत होता. नातेवाइकांनी कळवलं की पोलीस घरी जाऊन तो धड आहे ना ते बघून येतात. मी 'कल्याण तपासणी' लिहिलं, तर बायको म्हणाली, लोकल कल्याणला थांबली आणि टीसी चढला. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर
'समाचार' अर्थाने अगदी जवळचा. आजाऱ्याच्या समाचाराला आपण जातोच. पण 'पोलिसांनी काकांचा समाचार घेतला' असं छापलंत, तर लोक काकांना किती टाके पडले ते विचारतील. 'खबर घेणे'ची तीच गत. 'चौकशी'ची तर गंमतच आहे. 'काकू तुझी चौकशी करत होत्या' म्हटलं की बरं वाटतं, 'पोलीस तुझी चौकशी करत होते' म्हटलं की पोटात गोळा. 'विचारपूस' गोड शब्द, पण विचारायला माणूस समोर हवा. इथे दार बंद आहे. माझं मत 'खुशाली'ला. 'खुशालीची खातरजमा' म्हणा. खातरजमा पोलिसांच्याही तोंडात बसलेला शब्द आहे.

आणखी एक
शब्द काहीही घ्या, 'पोलीस येतात' असं सरसकट लिहू नका. हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये 'राइट केअर, राइट पर्सन' नावाची पद्धत सुरू केली, नोव्हेंबर २०२३ पासून लंडनच्या पोलिसांनीही घेतली. नुसती काळजी वाटते म्हणून आता ते जातीलच असं नाही. जिवाला खरा आणि तातडीचा धोका, गंभीर इजेची शक्यता किंवा गुन्हा, असं काहीतरी लागतं. धोका समोर दिसत असेल तर ९९९. मनाच्या आजाराबद्दल तातडीने बोलायचं असेल, तर इंग्लंडात १११ लावून २ दाबायचं. हे आकडे पत्रकात ठळक टाका.

मुंबईहून
आपल्याकडे ११२ वर कळवता येतं, पण या कामाला रुळलेलं नाव नाही. दाराला लटकलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच दिसली की शेजारीण कडी वाजवते, झाली खातरजमा. पोलिसांकडचा शब्द सुरू होतो तो माणूस बेपत्ता झाल्यावर: 'मिसिंग दाखल केली'. त्या निवेदनाचा साचा पाहिलाय ना? 'रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात पांढरा शर्ट, पायात चप्पल, मानसिक स्थिती ठीक नाही, कोणास काही एक न सांगता घरातून निघून गेला.' मानसिक स्थिती ही चपलेच्या शेजारी, ओळखीची खूण म्हणून! आणि त्या 'न सांगता'वर माझा कायमचा राग आहे. महिनाभर 'आता कशात राम वाटत नाही' म्हणणारा माणूस दुसरं काय करत असतो?

जाता जाता, बातम्यांतला 'वेडसर' कायद्यात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे असा भटकणारा माणूस पोलिसांना सापडला, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावं लागतं. आणि आधीच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतून बोलता येतं.

प्रश्नकर्ता
'खुशालीची खातरजमा' घेतला. 'कशात राम वाटत नाही' हे वाक्यही लक्षणांच्या चौकटीत टाकतोय. मूळ पत्रकात तिथे 'नैराश्यसूचक विधाने' असं काहीतरी होतं. मात्र बायकोने पुन्हा अडवलं: फोनवर पलीकडच्या गोऱ्या माणसाला खुशाली कशी कळणार? म्हणून 'वेलफेअर चेक' देवनागरीत मोठ्या अक्षरांत ठेवतोय, मराठी शब्द खाली.