अनुभव धागा: गाडीला बाहेरून बसवलेला अलार्म आणि इमोबिलायझर

सांजसावली: काल मध्यरात्री खाली कुणाची तरी गाडी बोंबलत होती. एकही खिडकी उघडली नाही. आमची जुनी गाडी आठवली. ढग गडगडले की अलार्म, ट्रक गेला की अलार्म. बाबा बनियनवर रिमोट घेऊन धावायचे आणि शेजारचे काका विचारायचे, "चोर की पाऊस?" आता सेकंडहँड गाडी घेतलीय, किल्लीत चोरी अडवणारी चिप नाही. तुमचे अनुभव लिहा, बरेवाईट दोन्ही.

पाना_पक्कड: धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरच्या डबीवर छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की संवेदनशीलता कमी होते. बाबांना कुणी सांगितलं नाही वाटतं 😄 बाकी अलार्म नुसता ओरडतो, गाडी सुरूच होऊ देत नाही तो इमोबिलायझर. पैसे त्यावर घाला. स्टार्टर आणि फ्युएल पंप अशी दोन सर्किटं तोडणारा बघा. एकच तार तोडलेली असली तर माहितगार माणूस ती शोधून जोडतो.

मृण्मयी_क: बसवणारा कोण ते आधी बघा!! आमच्याकडे वायरी सोलून, पिळून वर नुसती टेप गुंडाळलेली. उन्हाने टेपचा गोंद सुटला. किल्ली फिरवली की डॅशबोर्डखाली रिले (विजेवर चालणारा स्विच) टकटक करायचा, गाडी ढिम्म. दुसऱ्या मेकॅनिकने सगळं उचकटून सोल्डर केलं. दुकानदार फोनच उचलेना. भाजी करपतेय, नंतर लिहिते.

भटक्या७: बॅटरी!! गावाहून परत आलो तर गाडी मेलेली. उभ्या गाडीत साधारण ५० मिलीअँपिअरच्या आतच करंट जायला हवा. बसवल्यावर मीटर लावून दाखवायला सांगा, पण लॉक करून थोडं थांबा, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात.

टिल्लूची_आई: अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे का कुणाकडे? कुत्रा आत ठेवून दोन मिनिटं उतरले तर सगळा पार्किंग लॉट गोळा.

पाना_पक्कड: @टिल्लूची_आई तो आतली हालचालच पकडतो. बऱ्याच सिस्टीममध्ये तेवढाच बंद करून लॉक करता येतं, मॅन्युअल बघा. आणि कुत्र्याला गाडीत एकटं ठेवू नका, काचा बंद असल्या की भराभर तापते.

टिल्लूची_आई: अहो सावलीत होती, काच खाली होती. टिल्लूच मला रागावला.

निवांत: रिमोट रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी नवा कोड पाठवणारा, आहे का विचारा. फिक्स्ड कोडचा सिग्नल रेकॉर्ड करून परत वाजवता येतो. आमच्या दुसऱ्या गाडीला कीलेस आहे, किल्ली नुसती जवळ असली की दार उघडतं. म्हणून तिची किल्ली रात्री पत्र्याच्या डब्यात, सिग्नल बाहेर जाऊ नये म्हणून. डबा घेऊन गाडीपाशी जा, दार उघडलं तर डबा बदला.

मृण्मयी_क: आले. रिमोटवरून चालती गाडी बंद करणारं मॉडेल गळ्यात मारत होते, घेतलं नाही. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकही दोन-चारदा दाबल्यावर दगड होतो. सुरूच होऊ न देणारा पुरे.

अक्षरवेल: यांनी एक गुप्त स्विच बसवलाय. इतका गुप्त की सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथून मला फोन येतो, "मॅडम, चालूच होत नाहीये." मला तरी कुठे माहितीये!

निवांत: 😂😂 व्हॅले मोड असलेला घ्या, गाडी देताना तेवढ्यापुरता इमोबिलायझर बंद.

सांजसावली: भारी माहिती. पाना_पक्कड, रिमोट हरवला तर?

पाना_पक्कड: बहुतेकांना पिन किंवा लपवलेलं बटण असतं. बसवताना समोर उभं राहून वापरून बघा. आणि इमोबिलायझरचा डबा ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डखाली नको, सगळे तिथेच लावतात, चोर पहिला हात तिथेच घालतो.

भटक्या७: बाईकला पण बसतो का हो?

पाना_पक्कड: बसतो, पण त्याला वेगळा धागा काढा राव, जेवायचंय अजून.