लॅब्रॅडॉरला सारखी खाज, शाम्पू कुठला आणि घरगुती काय चालतं?

बंड्याची_आई
आमचा बंड्या, लॅब्रॅडॉर, चार वर्षांचा. गेले तीन आठवडे नुसता खाजवतोय. रात्री मागच्या पायाने खाजवायला लागला की पाय फरशीवर थडथड आपटतो, घरात कुणाची झोप होत नाही. पाठीवर कोंडा दिसतो, पोट लालसर झालंय आणि शेपटीच्या वर कंबरेपाशी केस पातळ झालेत. आधी बाळाचा शाम्पू वापरला, म्हटलं सौम्य असतो, तर आठवड्यात तीन अंघोळी घालून खाज उलट वाढली. मग खोबरेल तेल चोळलं, त्याने निम्मं चाटलं आणि निम्मं सोफ्याला लागलं. आता आमचे हे म्हणतात व्हिनेगर लाव. दुकानात ओटमीलवाला, मेडिकेटेड, अँटीफंगल, गोचिडांचा, इतके शाम्पू आहेत की डोकं चालेना. नक्की कुठला घ्यायचा? पिसवा नाहीयेत, मी नीट बघितलंय.

तीन_कुत्री_एक_मांजर
ताई, शाम्पूचं नंतर बघू, आधी खाज कुठे आहे ते बघा. कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू असेल तर पहिला संशय पिसवांवरच, दिसल्या नाहीत तरी. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली तर एकदोन चावेसुद्धा पुरतात, आणि खाजवून-चावून तो त्या गिळूनही टाकतो, मग दिसणार काय? पंजे चाटणं, काखा, पोट, तोंड, कान असं असेल तर ॲलर्जीकडे बघायचं, धुळीतल्या किड्यांची, परागकणांची किंवा खाण्यातली. कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या धरून बेफाम खाज असेल आणि घरातल्या माणसांनाही खाजायला लागलं असेल तर खरूज, तिथे शाम्पूचा प्रयोग करत बसू नका.

आत्ता एक करा. पांढरा टिश्यू ओला करून जमिनीवर पसरा, बंड्याला त्यावर उभा करा आणि कंबरेपाशी बारीक दातांच्या फणीने केस उलटे विंचरा. काळी रवाळ पूड पडेल. मिनिटभर थांबा. मातकट राहिली तर माती, भोवती विटकरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

फेस_आणि_फणी
बाळाच्या शाम्पूबद्दल सांगते कारण हा घोळ सगळेच घालतात. आपली कातडी आम्ल असते, पीएच साधारण 5.5, कुत्र्याची त्यापेक्षा बरीच उदासीन, 7 च्या आसपास. शिवाय त्यांच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ. त्यामुळे माणसांचा शाम्पू, मग तो बाळाचा का असेना, रोजचा नाहीच, आणि आठवड्यात तीनदा म्हणजे असलेलं तेलही गेलं.

दुकानातल्या शाम्पूंचं ढोबळ गणित असं. नुसती कोरडी, खाजरी कातडी असेल तर ओटमीलवाला, तो आराम देतो, बरं काही करत नाही. पुरळ, पिवळट पुटकुळ्या, गोल खपल्या किंवा तेलकट आंबूस वास असेल तर क्लोरहेक्सिडिनचा (हे जंतुनाशक), 2 ते 4 टक्के, वास जास्त असेल तर त्यात मायकोनॅझोल हे बुरशीवरचं औषधही असलेला (हा डोळ्यांत आणि कानांत जाऊ द्यायचा नाही). तेलकट जाड कोंडा असेल तर सॅलिसिलिक ॲसिड-सल्फरवाला, पण तो कातडी कोरडी करतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. गोचिडांचा शाम्पू मी तरी घेत नाही, धुतला की असर गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, औषधी शाम्पू अंगावर 10 मिनिटं राहायला हवा. फेस केला, धुतला, म्हणजे पैसे मोरीत. घड्याळ लावा. कोमट पाणी, गरम नाही, गरम पाण्याने खाज चेकाळते. शेवटी बोटांच्या मधली जागा नीट पुसा, तिथे ओल राहिली की यीस्टला, म्हणजे कातडीवरच्या बुरशीला, मोकळं रान.

गावठी_प्रयोगशाळा
व्हिनेगरवर माझा अनुभव. सगळीकडे वाचून मी पाण्यात घालून स्प्रे केला, आमच्या कुत्रीच्या मांडीवर खाजवून सालटं निघालेलं ते माझ्या लक्षातच नव्हतं. अशी किंचाळली की नंतर महिनाभर स्प्रेची बाटली दिसली तरी पलंगाखाली. सोललेल्या कातडीवर नकोच नको. टी ट्री ऑइल तर घरातच ठेवू नका, नैसर्गिक म्हणून विकतात पण कुत्र्यांना विषारी आहे, थोडं गेलं तरी लटपटायला लागतात.

खोबरेल तेलाने सगळ्यांचंच बिघडतं असं नाही, आमच्याकडे कोरड्या नाकाला चालतं. पण वास येणाऱ्या तेलकट कातडीवर नको, तिथलं यीस्ट चरबीवरच जगतं, तुम्ही त्याला जेवायला वाढताय.

चालणारं घरगुती म्हणजे ओट्स. साधे, साखर-चवीविना. मिक्सरमधून इतके बारीक करा की चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात टाकली तर पाणी दुधाळ झालं पाहिजे, तळाशी बसली तर अजून फिरवा. ते कोमट पाण्यात कालवून 10-15 मिनिटं अंगावर मुरू द्या, मग धुवा. लाल भागावर गार पाण्याची पट्टीही बरी पडते. खाज जाणार नाही, रात्र निघेल.

बंड्याची_आई
मी हरले. टिश्यूवर विटकरी डाग! एक नाही, चांगले सातआठ. आणि मी छातीठोकपणे पिसवा नाहीत म्हणून लिहिलं वर 🙈 पण मग एकही दिसत कशी नाही? आणि आमच्याकडे मांजरपण आहे, तिला काहीच होत नाहीये.

तीन_कुत्री_एक_मांजर
होतं हो, आमचंही तेच झालेलं. अंगावरच्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातला साधारण 5 टक्के भाग, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं गालिच्यात, सोफ्याच्या फटींत, त्याच्या अंथरुणात. म्हणून एकट्या कुत्र्याला धुऊन उपयोग नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम रोज मारा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. कोष महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे पिसवांचं औषध दिल्यावरही काही आठवडे नवीन पिसवा दिसतील, औषध लागू पडलं नाही म्हणून सोडून देऊ नका. निदान तीन महिने सलग.

मांजरीलाही द्यायचं, तिला खाज नसली तरी पिसवा तिच्यावर राहतात. पण कुत्र्याचं औषध मांजरीला कधीच नाही!! कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीच्या जिवावर बेततं. बंड्याला तसले थेंब टाकले तर वाळेपर्यंत दोघांना लांब ठेवा, नाहीतर मांजरींना चालणारंच मागून घ्या. आणि मानेवरचे थेंब असतील तर दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नको, पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा.

फेस_आणि_फणी
डॉक्टरांकडे जाच पण. खाजवून खाजवून वर जंतूंचा संसर्ग होतो, पोट लाल आहे म्हणताय ते त्यातलं असू शकतं. कातडीला लावलेली टेप काचपट्टीवर चिकटवून किंवा कातडी खरवडून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आणि तोवर आपली क्रीम लावू नका, झिंक ऑक्साइडवाली, स्टेरॉइडची, सोरायसिसची तर अजिबात नाही, तो चाटणारच.

बंड्याची_आई
जाऊन आले. पिसवांची ॲलर्जी आणि वर जंतुसंसर्ग, दोन्ही. दोघांना वेगवेगळी औषधं, बंड्याला खाजेची गोळी आणि क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा. काल पहिली अंघोळ. 10 मिनिटं म्हणजे काय ते ओल्या लॅब्रॅडॉरबरोबर बाथरूममध्ये बसल्याशिवाय कळत नाही, चौथ्या मिनिटाला त्याने अंग झटकलं आणि फेस छताला. सातव्याला माझ्या मांडीवर. पण रात्री थडथड दोनदाच झाली, मी मोजली.

गावठी_प्रयोगशाळा
फेस लावून झाल्यावर चाटण्याची चटई भिंतीला चिकटवा, तिच्यावर त्याच्या खाण्यातलंच काहीतरी फासा. आमची अख्खी 10 मिनिटं भिंत चाटत उभी असते.