मदत हवी आहे: बाबांच्या पासवर्डच्या डायरीला पर्याय

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, साताऱ्याला एकटे असतात. बँक, लाइटबिल, गॅस, रेल्वे, सगळे पासवर्ड एका जुन्या डायरीत. जुना खोडून वर नवा, त्याला बाण, बाणाला पुन्हा फुली. चालू कुठला ते त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात ही डायरी एसटीत राहिली. कंडक्टर भला, त्याने डेपोत जमा केली. पण मधले दोन दिवस फोनवरून एकेक पासवर्ड बदलण्यात गेले. निम्म्या ठिकाणी माझंच नाव आणि जन्मसाल!

आता पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं ॲप, बसवून द्यावा म्हणतेय. बाबांचं म्हणणं, "सगळ्या किल्ल्या एका डब्यात, आणि डबा परक्याच्या घरी?" त्यात भावाने लास्टपास या असल्याच मॅनेजरमधल्या २०२२ सालच्या चोरीची बातमी पाठवून तेल ओतलं.

नेटवर ठेवणारं बिटवॉर्डन घेऊ, की फाइल आपल्याच लॅपटॉपवर ठेवणारं कीपासएक्ससी? आणि हा सगळा डबा उघडणारा मास्टर पासवर्डच विसरले तर? बाबा रामरक्षेची पहिली ओळ ठेवू म्हणतात, ती काही विसरणार नाहीत.

प्रतिसाद १
रामरक्षा नको! ती लाखोंना पाठ आहे. शब्दकोश कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, असे पाच शब्द घ्या आणि रोमनमध्ये टाइप करा. तगारी, मुंगूस, खलाशी असलं काहीतरी निघेल (हेच उचलू नका).

लास्टपासमधून डबे गेले, ते उघडायचे मास्टर पासवर्ड नाही. आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड (मास्टर पासवर्डशिवाय न वाचता येणारे) होते, साइटचे पत्ते मात्र उघडे. खरा धोका कच्चा मास्टर पासवर्ड असलेल्यांना. चोराला प्रत्येक अंदाज ताडून पाहायला गणिताच्या ठरावीक फेऱ्या कराव्या लागतात, जितक्या जास्त तितका तो रखडतो. लास्टपासच्या जुन्या काही खात्यांत त्या ५,००० किंवा त्याहून कमीच होत्या. बिटवॉर्डनमध्ये आता मुळातच ६ लाख असतात.

कीपासएक्ससी उत्तम आहे, पण फाइलचा बॅकअप तुम्हालाच सांभाळायचा. बाबा मोबाइलवर असतील तर बिटवॉर्डन.

प्रतिसाद २
मास्टर पासवर्ड विसरला तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. तेव्हा कागदावर लिहून एफडीच्या पावत्यांबरोबर कपाटात. हो, कागदावरच. घरात शिरणारा चोर आणि नेटवरचा चोर वेगळे असतात. बिटवॉर्डनचं पैसे भरून प्रीमियम घेतलंत तर 'इमर्जन्सी ॲक्सेस'मध्ये (अडीअडचणीला दुसऱ्याला खातं उघडता येण्याची सोय) स्वतःला नेमून ठेवा. यूपीआय पिन मात्र मॅनेजरमध्ये घालू नका, तो डोक्यातच बरा.

आणखी एक. लाइट तोडणार म्हणून लिंक येते, पान हुबेहूब असतं. माणूस फसतो, मॅनेजर साइटचा पत्ता जुळवून बघतो आणि पासवर्ड भरतच नाही. बाबांना एवढंच शिकवा: आपोआप भरलं नाही तर हाताने भरायचं नाही, आधी तुम्हाला फोन.

धागाकर्ती
आभार! बाबा शब्दकोश घेऊन बसलेत. पहिलाच शब्द 'विस्मरण' निघाला. अपशकुन म्हणून दुसरा घेतला तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही. आवडीने निवडायला लागलो की पुन्हा रामरक्षेवरच येतो. विस्मरणच राहू द्या.